सगुणाबाईचं तांबडं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी चिनीमातीची बरणी आहे. लोणच्याची म्हणाल तर तोंड फिरवून बसेन. पेणच्या बाजारातून मला लोणच्यासाठीच आणलं होतं हे खरं. पण सगुणाबाईने मला त्याहून मोठं काम दिलं, आणि ते मी चोख केलं. माझ्या अंगाला एक चीर नाही. घरात असं म्हणता येईल अशी दुसरी वस्तू दाखवा.

सगुणाबाईचं खाडीकाठी मिठागर होतं. उन्हाळा सरता सरता शेवटच्या वाफ्यातलं पाणी तांबडंलाल होई. परके लोक नाक मुरडत. सगुणाबाई मात्र पाऊस लागायच्या आधी तेच पाणी माझ्यात भरी, तोंडाला फडकं बांधी आणि दिवाळीनंतर नव्या वाफ्यांत ओती. दुधाला विरजण लावतात ना, तसं. म्हणे, म्हातारं पाणी नव्या पाण्याला वळण लावतं. मीठ असं टपोरं पडे की बाया मुठीत घेऊन बघत राहत.

तिचा नियम एकच, गोडं पाणी बरणीला लागू द्यायचं नाही. मला विसळायचं तेही खाडीच्या पाण्याने. तिचा मुलगा केतन लहानपणी एकदा मला नळाखाली घेऊन निघाला, तेव्हा त्याच्या पाठीवर पाच बोटं उठली होती. म्हणजे त्याला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मोठा झाल्यावर केतनने मिठागरावर मातीचा भराव टाकला आणि तिथे ट्रक उभे केले. सगुणाबाई भांडली, मग गप्प झाली. पुढे कोणी विचारलं तर सांगे, "बापानं मीठ पिकवलं, ह्यो चाकं पिकवतोय." तांबडं पाणी आता फक्त माझ्यात उरलं. ती मला रोज ओटीवर उन्हात ठेवी, अधूनमधून खाडीचं पाणी आणि मूठभर खडे मीठ घाली. केतन म्हणायचा, ही घाण फेकून दे. मी ऐकून घ्यायची.

मग तांबड्या पाण्याचं ऐकून मृणाल आली. शहरातल्या एका प्रयोगशाळेत काम करणारी, बोलायला साधी. तिने सगुणाबाईला समजावून सांगितलं, ते मीही ऐकलं. ह्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते कडक खारटातच जगतात, गोडं पाणी लागलं की फुटतात. त्यांच्या अंगावर जांभळा पापुद्रा असतो, तो ऊन धरतो. तो पापुद्रा काचेवर बसवला तर उन्हातून वीज निघेल, धूर नाही की राख नाही. मित्रांनो, त्या दिवशी मी जरा फुगले.

सगुणाबाईने तिला बाटलीभर पाणी दिलं. म्हणाली, "मला काय नको. पयला दिवा माज्या ओटीवर लाव, बास."

मृणालच्या काचेवर वीज निघाली, थोडी, पण निघाली. पुढे मात्र तिच्याकडचे जीव वाढता वाढता फिके पडले, जांभळा रंग गेला. तिने फोन केला, मूळ पाणी पुन्हा लागेल, दुसरं कुठे तसं मिळत नाही, आणि येताना तुमचा दिवा घेऊन येते.

बस, केतनला एकदम आईचा उमाळा आला. गेटवर फलक लागला, त्यावर त्याचाच फोटो, खाली लिहिलं 'मिठागराचे वारसदार'. सरपंचांना बोलावणं गेलं. मृणाल यायची त्या दिवशी सकाळी सगुणाबाई नवं लुगडं नेसायला आत गेली, तेव्हा तो मला झेंडूचा हार घालायला आला. आत डोकावला. मी अर्धीच भरलेली होते. पाहुण्यांपुढे अर्धं भांडं ठेवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि तांब्याने नळाचं गोडं पाणी माझ्या गळ्यापर्यंत भरलं.

मी ओरडू शकत नाही. माझ्या पोटात ते जीव फुटत होते, आणि माझ्या गळ्यात हार होता.

मृणालने थेंब भिंगाखाली धरला. पुन्हा दुसरा धरला. मग तिने विचारलं, ह्यात काही घातलंत का? सगुणाबाईने माझ्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि केतनकडे बघून म्हणाली, "आळणी."

"आये, चार तांबे तर टाकले," तो म्हणाला. "फोटोत भरलेली दिसाया नको?"

तिने माझ्या गळ्यातला हार उतरवला आणि केतनच्या हातात दिला.

मृणालने माझ्या काठाखाली सुकलेली मिठाची खपली खरवडून घेतली. त्यात एखादा जीव तग धरून असला तर कळवते म्हणाली. अजून निरोप नाही. पण जायच्या आधी तिने ओटीवर जांभळी काच ठेवली, तारा जोडल्या, आणि उन्हात करंगळीच्या नखाएवढा दिवा लागला. परकीने शब्द पाळला. पोटच्याला चार तांबे आवरले नाहीत.

केतनने ते आळणी पाणी ओतून मला घासलं, आता मी त्याच्या ट्रकांच्या गेटवर असते. माझ्यात प्लास्टिकची फुलं आहेत. लोक म्हणतात, काय चकचकीत आहे!

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं कळकट भांडं असेल. ते घासायच्या, भरायच्या, सजवायच्या आधी घरातल्या म्हातारीला विचारा, हे कशासाठी जपलंय. ती आधी चार शब्द सुनावेल. ते उभ्याने ऐकून घ्या, आणि मगच हात लावा.