सटक्याचा निवाडा

चष्म्याच्या दुकानाला रविवारी सुट्टी असते आणि दुकानात सगळ्यांत जास्त आरडाओरडा रविवारीच होतो. एरवी ज्या मागच्या खोलीत गिऱ्हाइकाला बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात, तिथे दुपारी टेबल मांडलं जातं आणि चांगली कर्तीसवरती माणसं पत्त्यांवरून भांडतात. पत्ते म्हणजे राजा-राणी-गुलाम नव्हेत. हे प्राण्यांचे पत्ते. पाकिटं विकत घ्यायची, नको ते पत्ते एकमेकांत बदलायचे, आपला डेक, म्हणजे निवडक पत्त्यांचा गठ्ठा, घरून बांधून आणायचा. मग एकेक प्राणी टेबलावर उतरवून समोरच्यावर सोडायचा, नाहीतर आपल्या पहाऱ्याला ठेवायचा. प्रत्येकाला सुरुवातीला वीस जीव. ज्याचे आधी संपले, तो हरला. लहान मुलांचा खेळ आहे असं त्या खोलीत म्हणून बघा, आणि मग काय होतं ते सांगा.

टेबलावर चौघं होती. दुकानाचा मालक चष्मेवाला, पुढच्या गल्लीतली दंतवैद्यबाई, घरोघरी फरश्या बसवणारा फरशीवाला, आणि छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर काम करणारी सून. ती कोणाची सून हे विचारायची वेळ कधी आली नव्हती. ती आली सासूबाई आल्यावर.

सासरे गेल्यापासून सासूबाईंनी उंबरा ओलांडला नव्हता. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देण्यात गेलेला, बोलण्यात कोणाला हार न जाणारी बाई. ती आता ‘हो’, ‘नको’ आणि ‘राहू दे’ यांवर दिवस काढू लागली. मुलाने समजावून पाहिलं. सुनेने बागेत चला, बाजारात चला, निदान कोपऱ्यापर्यंत तरी चला म्हणून पाहिलं. सगळ्याला उत्तर एकच, राहू दे. शेवटी एका रविवारी मोरीतली फरशी उखडायला माणसं आली, मुलाची ड्यूटी होती, आणि धुळीत बसवून ठेवणं बरं दिसेना म्हणून सुनेने त्यांना अक्षरशः उचलून आणल्यासारखं दुकानात आणलं. ‘नुसतं बसा’ म्हणाली.

सासूबाई नुसत्या बसल्या. बसल्या बसल्या हाताशी असलेल्या खोक्यात बोटं घातली. त्या खोक्यात कोणालाच नको असलेले पत्ते टाकत. त्यातून एक पत्ता त्यांनी बाहेर काढला. धुक्यातून अर्धवट बाहेर आलेलं, मागे वळून बघणारं एक बारकं खोकड.

“हे कोण?” त्यांनी विचारलं. त्या आठवड्यातलं हे त्यांचं सगळ्यांत लांब वाक्य होतं.

“ते होय, ते कोणी खेळत नाही काकू,” चष्मेवाला म्हणाला. “तुम्हाला आवडलं तर ठेवा. अजून तीन पडलीत खोक्यात, तीही घ्या.”

माणूस स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतो तो असा, हसतमुखाने.

त्या खोकडाला पुढे सगळे सटक्या म्हणू लागले. सटक्याची ताकद विचाराल तर नगण्य. एका वारात एकच जीव घेतो. पण त्याला कोणताही प्राणी अडवू शकत नाही. आणि त्याच्यावर कोणी चाल केली, की मालकिणीने त्याला उचलून परत हातात घ्यायचं आणि पुढच्या पाळीला पुन्हा खाली ठेवायचं. म्हणजे तुम्ही तुमचा सर्वांत दांडगा रानरेडा त्याच्यावर सोडावा, आणि सासूबाईंनी जुन्या एक्स्चेंजच्या गोड आवाजात म्हणावं, “एक मिनिट हं,” आणि सटक्या गायब. रेडा रिकाम्या टेबलावर शिंगं आपटतोय. पुढच्या पाळीला सटक्या हजर, तुमचा एक जीव कमी.

उन्हाळा संपेपर्यंत सासूबाई जवळजवळ प्रत्येक डाव जिंकायला लागल्या होत्या. रविवारी सकाळपासून त्या तयार होऊन बसत आणि सुनेला विचारत, “निघायचं का?” सून केस विंचरता विंचरता गुपचूप हसायची. घराला पुन्हा घरपण आलं होतं, आणि ते एका खोकडाने आणलं होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

टेबलाच्या मात्र नाकी नऊ आले होते.

“हा प्राणी नाही, पळपुटेपणा आहे,” फरशीवाला म्हणायचा. “समोर उभा राहा, मार खा नाहीतर मार दे. हे काय, दार वाजवून पळायचं?”

चष्मेवाल्याचं दुखणं वेगळं होतं. त्याने सटक्याला पकडण्यासाठी डेकमध्ये जाळी भरली, मग फास भरले, मग जाळी परत मिळवून देणारा कोळी भरला. प्रत्येक रविवारी तो नवा सापळा घेऊन यायचा आणि प्रत्येक रविवारी ‘एक मिनिट हं’ ऐकून दातओठ खायचा. “ज्याने पत्ता काढला त्याने तो स्वतः कधी खेळून पाहिला नसणार,” असं त्याचं मत होतं.

दंतवैद्यबाईंना सटक्या आवडायचा. “माझ्या खुर्चीतला प्रत्येक पेशंट असाच असतो,” त्या म्हणायच्या. “मला सवय आहे.” त्याही हरायच्याच, पण हसत हसत हरायच्या.

आणि सून? सुनेला तो पत्ता मनापासून आवडत नव्हता. तिला मोठे, संथ, सरळ चालणारे प्राणी आवडायचे, आणि सटक्या आल्यापासून खेळ खेळ राहिला नाही असं तिला वाटायचं. हे तिने कोणाकडे बोलून दाखवलं नव्हतं. घरी तर नाहीच.

शेवटी फरशीवाल्याने विषय काढला. “काकू, राग मानू नका, पण मला वाटतं बंदीचं मत घ्यावं.”

त्या टेबलाची यासाठी एक रीत होती. पत्ता ज्याचा, त्याला मत नाही. बाकीच्या चौघांतल्या तिघांनी बंदी म्हटलं तर पत्ता बाद. पण नुसतं मत देऊन चालायचं नाही. ज्याला पत्ता नकोसा झालाय, त्याने आधी तोच पत्ता घेऊन एक डाव खेळायचा, आणि पत्त्याच्या मालकाने त्या माणसाचा डेक घेऊन समोर बसायचं. एकमेकांच्या पायताणात पाय घालून बघा आणि मग बोला, असा त्यामागचा विचार. चष्मेवाल्यानेच ही रीत घातली होती.

सासूबाईंनी मान हलवली. “घ्या की मत,” म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं. हा तोच आवाज होता, ‘राहू दे’ वाला.

पहिला डाव फरशीवाल्याचा. सासूबाईंनी त्याच्या डेकमधले अस्वल-गेंडे घेतले आणि सरळ सटक्यावर सोडले, तो सोडायचा तसेच. त्याला सटक्या मागे घ्यायची इतकी लाज वाटत होती की दोनदा त्याने त्याला तसाच मरू दिला. तरी तो जिंकला. “बघा, माझ्यासारख्याच्या हातातही जिंकतो,” तो म्हणाला आणि बंदीचं मत दिलं. चष्मेवालाही असाच जिंकला, आणि त्यानेही बंदी म्हटलं. सासूबाई दोन्ही डाव शांतपणे हरल्या. दंतवैद्यबाईंनी हात वर करून सांगितलं, “मी सटक्याच्या बाजूने. मला खेळायची गरज नाही.”

राहिली सून. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

तिच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला हवं. खोटं मत द्यायचं नाही, हा तिचा स्वभाव. निदान खेळात तरी नाही. आणि खरं मत दिलं तर सटक्या जाणार, सटक्या गेला की सासूबाई पुन्हा घरात बसणार, आणि पुढच्या वेळी त्यांना बाहेर काढायला कोणतं खोकड मिळणार होतं? पत्ते पिसता पिसता तिला वाट सुचली. सटक्या हातात असूनही आपण हरून दाखवायचं. असं हरायचं की पत्ता फुसका आहे हे सगळ्यांना पटावं. मग ‘राहू द्या, एवढं काही नाही त्यात’ म्हणायला ती मोकळी. खोट्या मताऐवजी खोटा डाव. आपण फारच हुशार आहोत असं तिला वाटलं.

सुरुवातीला तिने ठरवल्याप्रमाणे धडाधड चुका केल्या. पहारेकरी प्राणी उशिरा उतरवला, सटक्या दुसऱ्या पाळीपर्यंत हातातच ठेवला. समोर सासूबाईंकडे सुनेचाच डेक होता: रानरेडे, आणि सटक्यासाठी हल्ली भरलेली थोडी जाळी. आता त्या जाळी टाकतील, आपण सटक्याला वेळेवर उचलणार नाही, आणि झालं, असा सुनेचा हिशेब.

पण सासूबाईंनी जाळी टाकलीच नाहीत. हातात धरून ठेवली, बाजारात नको असलेली भाजी पिशवीत पडून राहावी तशी. सटक्याने एक जीव घेतला, त्यांनी घेऊ दिला. पुन्हा घेतला, पुन्हा घेऊ दिला. आणि आपले रेडे सटक्याच्या अंगावर न सोडता थेट सुनेवर सोडले.

“काकू, त्याला मारा ना,” फरशीवाल्याला राहवेना.

“कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “तो हिंडायला गेलाय. हिंडायला गेलेला प्राणी त्या पाळीला पहारा देत नाही, नियमच आहे. घर उघडं आहे तिचं.”

रेड्यांनी सुनेचे पाच जीव नेले. सुनेने बघितलं, आणि नाटक विसरली. आता ती खरंच खेळायला लागली. सटक्याला घरी ठेवावं तर तो पहाऱ्याला काडीचा उपयोगी नाही, रेड्याच्या एका धडकेत उडतो. बाहेर काढावं तर एकेक जीव कुरतडत बसतो, तोवर इकडे घर लुटलं जातं. तिने कपाळाला आठ्या घातल्या, पत्ते पुन्हा पुन्हा मांडले, ओठ चावले. काही उपयोग झाला नाही. सासूबाईंचे बारा जीव शिल्लक असताना तिचा शेवटचा गेला.

चष्मेवाल्याने आपला डेक उलगडून बघितला. जाळी, फास, कोळी, पुन्हा जाळी. एका एवढ्याशा खोकडाच्या मागे लागून त्याने एकूण एक लढणारा प्राणी घरी ठेवला होता. फरशीवाल्याचे गेंडे होते, पण ते कायम सटक्याच्या मागे धावत सुटलेले.

“म्हणजे आम्ही इतके दिवस,” चष्मेवाला म्हणाला आणि थांबला.

“त्याच्या मागे धावत होता,” दंतवैद्यबाईंनी पूर्ण केलं. “मीही.”

सुनेने मत दिलं: बंदी नको. मत अगदी खरं होतं. सटक्या राहिला, आणि आता त्याच्याकडून कोणी हरणार नव्हतं. दोन्ही मागच्या डावांत सासूबाईंनी तोंड मिटून हार घेतली होती आणि तिसऱ्यात सगळं उघडं केलं होतं, हे सुनेच्या लक्षात आलं तेव्हा त्या चपला घालून दारात उभ्या होत्या.

रस्त्यावर ऊन उतरलेलं होतं, दुकानांची शटरं बंद होती. दोघी घराकडे निघाल्या.

“मुद्दाम हरायला बसली होतीस ना?” सासूबाईंनी विचारलं.

सून गडबडली. “सुरुवातीला.”

“आणि नंतर?”

“नंतर खरंच हरत होते.”

“हं. तेवढं बरं झालं.” दोन पावलं गेल्यावर त्या म्हणाल्या, “नाटक करत होतीस म्हणून तर खरोखर हरवलं तुला. त्या दोघांकडून हरलेच, आणि त्यात सटक्या गेला असता तरी माझं काही म्हणणं नव्हतं. पण तू मला जिंकवायला निघालीस, ते मला नाही खपलं.”

“आई, मला भीती वाटली. तुम्ही पुन्हा घरात बसाल म्हणून.”

“मी जिंकायला येते असं वाटलं तुला?” सासूबाई थांबल्या. “अगं, तो फरशीवाला माझ्यावर चिडतो. चष्मेवाला तर मला मनातून शिव्या घालत असणार. हे गेल्यापासून माझ्यावर घरात कोणी एकदा तरी चिडलंय? तू नाही, तो नाही. सगळे कसे हळू बोलता, हळू दार लावता. मी काय काचेची आहे का? यांनी रोज एकदा तरी माझ्याशी भांडण काढलं, तेव्हा कुठे आमचा दिवस उजाडायचा. वर्षभर मला वाटतंय, मीच त्यांच्याबरोबर गेले आणि तुम्हाला ते सांगायचा धीर होत नाहीये.”

हे असं असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. काहीतरी गोड, मायेचं बोलावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि ऐन वेळी शहाणी झाली.

“आई,” ती म्हणाली, “मी धुतलेली भांडी तुम्ही मागून परत धुता. मला दिसतं ते. मला भयंकर राग येतो.”

सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. ती खरंच रागावली आहे का हे त्यांना पाहायचं होतं. ती खरंच रागावली होती. बोलल्यावर तिलाही ते कळलं.

“चिकट असतात म्हणून धुते,” सासूबाई म्हणाल्या. “तुला घासणी कशी धरायची तेच कळत नाही.”

“आणि तुम्ही साबण किती ओतता? आठवड्याला एक बाटली लागते आपल्याला.”

“माझ्या घरात मी साबणाने आंघोळ घालेन भांड्यांना. तुझ्या नवऱ्याला विचार, लहानपणी त्याने कधी चिकट ताट बघितलंय का ते.”

“त्याला काय विचारायचं, तो एक भांडं उचलत नाही.”

“ते मात्र खरं आहे. त्याच्यावर पण चिडायचं बाकी आहे माझं.”

भांडता भांडता दोघी आपल्या घराचं दार मागे टाकून पुढच्या चौकापर्यंत गेल्या. तिथे सुनेच्या लक्षात आलं आणि तिने सासूबाईंचा दंड धरून त्यांना मागे फिरवलं.

“बघितलं,” सासूबाई म्हणाल्या, “स्वतःचं घर लक्षात राहत नाही, आणि मला शिकवते.” त्यांनी दंड सोडवून घेतला नाही.