उंच स्क्रू मागे

कौसल्याबाईंच्या लॅपटॉपचा पडदा उलटा वळवला की तो तंबूसारखा उभा राहायचा, आणि काचेवर दोन बोटं फाकवली की अक्षरं मोठी व्हायची. डोळे अधू झाल्यापासून वर्षावासातलं ग्रंथवाचन त्या त्यावरूनच करत. पूर्वी महूच्या विहारात सगळ्या जणी सतरंजीवर दाटीवाटीने बसायच्या. आता कुणी नागपूरला, कुणी भोपाळला, म्हणून संध्याकाळी पडद्यावरच जमायच्या. वाचायच्या मात्र कौसल्याबाईच. सासूबाई थकल्या तेव्हा त्यांनी स्वतःचं आसन रिकामं करून सुनेला तिथे बसवलं होतं.

यंदा लॅपटॉप सुरू व्हायलाच इतका वेळ घेई की तिकडे वंदना संपत येई आणि इकडे चक्र फिरतच राही. काल त्या उशिरा पोचल्या तेव्हा महूहून नणंद प्रेमलता सगळ्यांसमोर म्हणाली, "वहिनी, तुमचं चक्र थांबेपर्यंत आम्ही निब्बाणाला पोचू. उद्या उशीर झाला तर मीच वाचते. तुम्ही आराम करा."

बायका हसल्या. कौसल्याबाईही हसल्या, पण रात्री त्यांना घास गोड लागला नाही.

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या नातीला, संबोधीला, आज सुट्टी होती. तिने सकाळीच बाजारातून एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, आणली.

"आजी, टेन्शन मत लो ना. लॅपटॉप मस्त आहे. त्याची हार्ड डिस्क बुढी झालीय, बस."

"बुढी झाली म्हणून काढून टाकायची?"

"रिटायर करू. हार घालून."

कौसल्याबाईंचा जीव वेगळ्याच गोष्टीत होता. ग्रंथाच्या पानांवर त्यांनी बोटाने लाल खुणा केल्या होत्या. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा. "माझ्या खुणा गेल्या तर?"

"सगळं जसंच्या तसं कॉपी होणार. फिर नवी आत, जुनी बाहेर."

दुपारपर्यंत कॉपी झाली. राजेंद्र नगरच्या घराच्या छोट्या हॉलमध्ये संबोधीने टेबलावर पांढरा पंचा अंथरला, लॅपटॉप पालथा घातला आणि एकेक स्क्रू काढून पंच्यावर ठेवला. तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. "हां भिया, बोलो," म्हणत ती गॅलरीत गेली.

कौसल्याबाईंनी पंच्याकडे पाहिलं. स्क्रू कसेही पसरलेले. त्यांचे वडील महूच्या छावणीत हवालदार होते. रविवारी घरातसुद्धा इन्स्पेक्शन व्हायचं. बूट, ब्रश, पितळी बटणं आणि शेवटी पोरं, सगळं उंचीप्रमाणे रांगेत. त्यांनी सवयीने स्क्रूंची सुरेख रांग लावली. बुटके डावीकडे, उंच उजवीकडे.

संबोधी परत आली आणि खुर्चीवर बसलीच. "आजी, हे काय केलं?"

"आवरलं."

"अगं, जो जिथून निघाला तिथेच ठेवला होता मी! लांब स्क्रू चुकीच्या जागी कसला तर पार आतल्या बोर्डात घुसेल. मग बोर्ड गया, सब गया."

घड्याळात पाच वाजत आले होते. कौसल्याबाईंना वाटलं, गेलं आता आपलं वाचन, तेही आपल्याच हाताने. नवी एसएसडी तरी बसवून घेऊ, म्हणून संबोधीने ती जागेवर लावली आणि तळाचं झाकण हातात घेतलं.

"थांब, आण इकडे," कौसल्याबाई म्हणाल्या. त्यांनी लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं. "हा पुढे पातळ आहे आणि बिजागरीकडे जाड. पलटणीचा फोटो काढताना उंच माणसं कुठे उभी करतात?"

"मागे," संबोधी म्हणाली. मग ती हसायला लागली.

तरी तिने नुसती घाई केली नाही. झाकण बसवून आधी प्रत्येक स्क्रू भोकात अलगद उभा करून पाहिला, किती वर राहतो ते. उंच मागे, बुटके पुढे. सगळे बरोबर बसले. मगच कसले.

बटण दाबलं. कौसल्याबाई चष्मा पुसेपर्यंत पडदा उजळलासुद्धा. त्यांनी सगळ्यात आधी ग्रंथाचं पान उघडलं. लाल खुणा जागच्या जागी होत्या.

त्या पोचल्या तेव्हा पडद्यावर दुसरं कुणीच नव्हतं. थोड्या वेळाने प्रेमलता उगवली. "वहिनी? तुम्ही आधीच?"

"बसलेय वाट बघत. आराम करत."

प्रेमलता कसनुसं हसली. "मी दुपारी दोनदा वाचून ठेवलं होतं हो. अडखळायला नको म्हणून."

कौसल्याबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. प्रेमलताने पांढरी साडी नेसून केस चापूनचोपून बसवले होते.

"मग शेवटचं पान तुम्ही वाचा, ताई," त्या म्हणाल्या. "पण सुरुवात मी करणार."

बाकीच्या जणी येऊ लागल्या. वंदना झाली. कौसल्याबाईंनी दोन बोटं फाकवून अक्षरं मोठी केली आणि वाचायला लागल्या.