रकाना रिकामा

मंगळवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी साहेबांनी माशांच्या टाकीतली क्रिप्ट मुळासकट उपटली आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. मग हात धुतले, चष्मा पुसला आणि वहीत नोंद केली: ‘वनस्पती मृत. काढून टाकली.’ खाली सही केली.

साहेब वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण इमारतीत सगळे त्यांना अजून साहेबच म्हणत, आणि तेही अजून ओ देत. एकतीस वर्षं त्यांनी तराजू तपासले. त्यांच्या नोंदवहीत चार रकाने असत: दिनांक, निरीक्षण, कार्यवाही, सही. ‘कार्यवाही’चा रकाना रिकामा सोडणाऱ्या हाताखालच्या माणसाला ते लेखी जाब विचारत. रिकामा रकाना म्हणजे कामचुकारपणा, हे त्यांचं ठाम मत होतं. घरच्या टाकीसाठी त्यांनी तशीच वही आखून घेतली होती.

टाकी त्यांची नव्हती, बायकोची होती. तीन फूट लांब, तळाला बारीक वाळू, मागे नेचा बांधलेलं एक लाकूड, नऊ लाल शेपटीचे मासे आणि डाव्या कोपऱ्यात क्रिप्टचा झुबका. क्रिप्ट म्हणजे पाण्याखाली वाढणारी, तपकिरी-हिरव्या लाटदार पानांची वनस्पती. ती बायकोच्या थोरल्या बहिणीच्या टाकीतली. ताई गेल्या, त्यांची टाकी भावाने मोडीत काढली, तेव्हा बायकोने डब्यातून एवढा एक गड्डा आणला होता. त्याला अकरा वर्षं झाली. ताईंचं म्हणून घरात दुसरं काही नव्हतं.

लेकीच्या बाळंतपणाला सहा आठवडे जायचं ठरलं, तेव्हा बायको म्हणाली, “शेजारच्या नर्सबाईंना सांगून जाते. रविवारी येऊन पाणी बदलतील.”

“का? मी मेलोय का?”

“तसं नाही हो. तुम्हाला स्वस्थ बसवत नाही, एवढंच म्हणतेय.”

“एकतीस वर्षं सरकारने विश्वास ठेवला माझ्यावर.”

“सरकारकडे क्रिप्ट नव्हती,” बायको म्हणाली. पण शेवटी तिने एका कागदावर सूचना लिहून दिल्या. दिवा आठ तास. खाणं चिमूटभर. रविवारी दोन बादल्या पाणी बदलणे. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या: ‘क्रिप्टला हात लावू नका. काहीही झालं तरी.’

साहेबांना ही ओळ नियमात बसणारी वाटली नाही. नियमाला अपवाद असतात आणि ते नमूद करायचे असतात. ‘काहीही’ हा शब्द त्यांनी उभ्या नोकरीत कुठल्या परिपत्रकात पाहिला नव्हता.

पहिले तीन दिवस रकान्यात भरायला काही मिळेना. त्यांनी ‘काच पुसली’ असं तीनदा लिहिलं. चौथ्या दिवशी क्रिप्टचं एक पान पिवळं दिसलं, तेव्हा खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. पान कापलं. खताचे थेंब दुप्पट घातले. झाडाला उजेड हवा, म्हणून दिवा चौदा तास ठेवला.

नवव्या दिवशी काचेवर आणि पानांवर हिरवं शेवाळ चढलं. दहाव्या दिवशी साहेबांनी कंबर कसली. तळाला चार बोटं ठेवून बाकी सगळं पाणी उपसलं, गाळणीचा स्पंज नळाखाली घासून पांढराशुभ्र केला, टाकी ताज्या पाण्याने भरली. त्या दिवशीचा रकाना अपुरा पडला, समासात लिहावं लागलं. मासे एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे राहून ही स्वच्छता पाहत होते.

तेराव्या दिवशी क्रिप्टची पानं काचेसारखी पारदर्शक झाली आणि बोट लावताच विरघळली. साहेबांनी ती उपटून बरोबर दिव्याखाली लावली. सोळाव्या दिवशी परत कोपऱ्यात. एकोणिसाव्या दिवशी मुळं धुऊन पुन्हा.

रोज संध्याकाळी लेकीचा फोन येई. “बाबा, आई विचारतेय, क्रिप्ट कशी आहे?”

“ठणठणीत.”

“फोटो पाठवा म्हणते.”

साहेब फोटो पाठवत. सगळे फोटो पहिल्या दिवशीचे होते, फक्त कडा वेगवेगळ्या कापलेल्या. खोट्या वजनांसाठी त्यांनी आयुष्यभर लोकांना दंड केला होता. हे त्यांना आठवलं नाही असं नाही.

तर तेविसाव्या दिवशी, त्या मंगळवारी, क्रिप्ट कचऱ्यात टाकून साहेब दहाच्या ठोक्याला मासेवाल्याच्या दुकानात हजर झाले. हा मासेवाला शोभेचे मासे आणि पाण्यातली झाडं विकायचा. साहेबांनी फोनवरचा फोटो दाखवला. “अगदी अशीच हवी.”

“फोटोत तर झकास आहे. मग दुसरी कशाला?”

“ती मेली. पानं विरघळली सगळी.”

मासेवाला हसला. “काका, ती मरत नाही. रुसते. पाणी बदललं, जागा बदलली की पानं टाकते. खालचा गड्डा जिवंत असतो. महिनाभर बघायचंसुद्धा नाही तिच्याकडे. मुळं हलवलीत का?”

“तीनदा.” साहेबांनी क्षणभर विचार केला. “आज सकाळची धरून चार.”

“आता कुठे आहे?”

साहेब पावतीसाठी थांबले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच. नवी क्रिप्ट मात्र त्यांनी पिशवीतून घेतली होती.

अकराला पाच मिनिटं कमी असताना कचरेवाली मावशी त्यांच्याच मजल्यावरून बादल्या घेऊन उतरत होती. साहेबांनी जिन्यात तिला अडवलं.

“मावशी, माझी बादली बघू.”

“अहो साहेब, दिलेला कचरा परत मागणारे तुम्ही पहिलेच. वजन कमी भरलं का?”

साहेबांनी बाह्या सरसावून हात घातला. भाजीच्या देठांखाली गड्डा सापडला, अंगठ्याएवढा, काळपट, दोन-चार मुळं शाबूत असलेला.

“हे काय सोनं आहे का?” मावशीने विचारलं.

“बायकोचं आहे.”

“मग धुऊन ठेवा,” मावशी म्हणाली आणि खाली गेली.

साहेबांनी गड्डा मूळच्या कोपऱ्यात लावला. शेजारी, चार बोटं सोडून, दुकानातली क्रिप्ट लावली, म्हणजे कोपरा भरलेला दिसेल. मग ते वही घेऊन बसले. सकाळची नोंद मृत्यूची होती, सहीसकट. ती त्यांनी खोडली. नवीन काय लिहावं ते सुचेना. खरं लिहिलं तर तो पुरावा होता, आणि खोटं लिहायची हाताला सवय नव्हती. रकाना रिकामा राहिला. त्या संध्याकाळी फोटो मात्र ताजा गेला.

“छान दिसतेय,” बायको फोनवर म्हणाली. “काही केलं नाहीत ना?”

“काही नाही.”

“शाबास. मला वाटलं नव्हतं हो.”

शनिवारपर्यंत दुकानातल्या क्रिप्टनेही पानं टाकली. तिचीही जागा बदलली होतीच. रविवारी साहेबांनी कागदाबरहुकूम दोन बादल्या पाणी बदललं. पाणी ओतताना धार जरा जोरात पडली, वाळू उडाली, आणि दोन्ही गड्डे सुटून वर आले. दोन्ही बिनपानांचे, दोन्ही काळपट, दोन्ही अंगठ्याएवढे. ते तरंगत तरंगत एकमेकांभोवती फिरले आणि नेच्याच्या लाकडाला लागले. साहेब भिंग घेऊन अर्धा तास बघत राहिले. मग दोन्ही गड्डे वजनकाट्यावर ठेवले. एक अकरा ग्रॅम, दुसरा अकरा ग्रॅम. मंगळवारी एकाचं जरी वजन लिहून ठेवलं असतं, तर कदाचित फरक कळला असता.

त्यांनी दोन्ही परत लावले. त्यानंतरचे बारा दिवस त्यांनी टाकीला हात लावला नाही. वहीत बारा वेळा ‘काही नाही’ लिहिलं. हे शब्द लिहायला त्यांना आधीच्या सगळ्या कार्यवाहीपेक्षा जास्त कष्ट पडले. चाळिसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, उजवीकडच्या गड्ड्यावर नखाएवढं तपकिरी पान दिसलं. डावीकडचा होता तसाच होता.

रविवारी दुपारी पाच वाजता बायको आली. चपला काढल्या, पाणीसुद्धा न पिता स्टूल ओढून टाकीसमोर बसली. बाजूला वही होती, ती तिने चाळली. मंगळवारच्या पानावर थांबली, खोडलेली ओळ प्रकाशात धरून बघितली आणि वही मिटून ठेवली.

मग काचेला नाक लावून त्या पानाकडे बघत राहिली.

“ताईची आहे ही,” ती हलकेच म्हणाली. “जगली.”

साहेब दाराची चौकट धरून उभे होते.

“आणि अहो,” ती मागे न वळता म्हणाली, “ही शेजारची कुणाची?”