सिब्दूने उगारलेला कालथा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कालथा आहे. हातभर लांब, खाली वल्ह्यासारखा चपटा आणि वर मूठ बसते तिथे झिजून खोलगट झालेला. बुर्किना फासो देशातल्या कुपेला गावच्या एका सुताराने मला तासलं. सिब्दूचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने मला शिआ नावाच्या झाडाच्या बियांपासून काढलेल्या लोण्याने चोळून तिच्या हातात दिलं. त्या वर्षी जे राष्ट्रपती होते, तेच पुढे सिब्दूची मुलगी अझेता बावीस वर्षांची झाली तरी होते.

सिब्दूचा नवरा लवकर गेला. मग तिने वागादुगू शहरात, गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या आवाराशेजारी खानावळ टाकली. रोज पहाटे मोठ्या हंड्यात बाजरीचं पीठ शिजायचं आणि मी त्यात गरगर फिरायचो. घट्ट घाटा आणि भेंडीचं कालवण खायला माणसं रांग लावत.

"सिब्दूताई, या घाट्याने टायरचं भोक बुजेल बघ," एक मेकॅनिक म्हणायचा.

"मग उद्यापासून टायरच खा," सिब्दू म्हणायची, आणि त्याच्या ताटात आणखी एक गोळा टाकायची.

तिचा धाकटा भाऊ हमादो याच घाट्यावर वाढला. आई वारल्यावर सिब्दूनेच त्याला सांभाळलं होतं. पुढे तो सैन्यात गेला, पण दर रविवारी जेवायला यायचा. हंड्याच्या तळाची खरपुडी मी त्याच्यासाठीच खरवडायचो.

मग २०१४ साल आलं. राष्ट्रपतींना सत्तावीस वर्षं पुरली नव्हती. पुन्हा निवडणुकीला उभं राहता यावं म्हणून ते राज्यघटनाच बदलायला निघाले. ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी शहरातल्या बायका रस्त्यावर उतरल्या. प्रत्येकीच्या हातात कालथा होता. मित्रांनो, आमच्याकडे बाईने पुरुषावर कालथा उगारणं हा साधा राग नसतो. ज्या हाताने जेवू घातलं, त्याच हाताने तिने त्याला परकं केलं, असा त्याचा अर्थ. भलेभले त्याला भितात.

एका चौकात सैनिकांनी वाट अडवली होती. बायका टोमणे मारत होत्या, "बंदुकीला असे चिकटलेत, जणू तीच यांना वाढते." आणि त्या रांगेत, सिब्दूच्या अगदी समोर, हमादो उभा होता.

"ताई, घरी जा," तो हळूच म्हणाला.

"तू बाजूला हो."

"मला हुकूम आहे."

"मला पोरगी आहे, हमादो. तिने जन्मात दुसरा राष्ट्रपती पाहिलेला नाही."

शेजारच्या बायका सिब्दूकडे बघत होत्या. तिच्या मुठीला घाम सुटला होता, तो मला लागत होता. तिने मला वर उचललं. हमादोने मान खाली घातली.

गुरुवारी लाखो माणसं संसदेवर चालून गेली. इमारत पेटली, आकाश काळं झालं. त्या गर्दीत अझेता होती. राष्ट्रपतींच्या भावाच्या बंगल्यापाशी गोळीबार झाला आणि एक गोळी तिच्या मांडीतून आरपार गेली. शुक्रवारी राष्ट्रपतींनी खुर्ची सोडली आणि ते देशाबाहेर पळाले. लोक रस्त्यावर नाचले, दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन त्यांनीच रस्ते झाडले. सिब्दू मात्र इस्पितळात अझेताच्या खाटेपाशी बसून होती. मी तिच्या पिशवीत होतो.

हमादो साध्या कपड्यांत दाराशी आला.

"तू त्या बंगल्यापाशी होतास?" सिब्दूने विचारलं.

"होतो."

"गोळी झाडलीस?"

"हवेत झाडली." त्याची नजर अझेताच्या पायावर गेली. "सगळे हवेतच म्हणतात, ताई. धुरात मला काही दिसत नव्हतं."

सिब्दू पाठ फिरवून अझेताचं पांघरूण नीट करू लागली. तो निघून गेला.

अझेता वाचली, पण पाय ओढत चालू लागली. माझं खूप कौतुक झालं. लोक माझे फोटो काढायला येत. संग्रहालयातल्या एक बाई मला काचेच्या पेटीत ठेवायचं म्हणत होत्या. सिब्दूने नकार दिला, पण मला हंड्यातही घातलं नाही. नवीन कालथा आला. मी खिळ्याला टांगून राहिलो, कोरडा पडलो, टोकाला चीर गेली. हमादोचं ताट रविवारी कोणी मांडत नव्हतं. मला वाटायचं, त्या दिवशी मी तिच्या हातातून निसटलो असतो तर?

कित्येक महिन्यांनी एका दुपारी हमादो आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आत ये ना मामा," अझेता म्हणाली. तो आला नाही.

"ताई, उद्या चौकशीत साक्ष देतोय. गोळ्या झाडायचा हुकूम कोणी दिला ते सांगणार. मी झाडली तेही सांगणार."

"तुला आत टाकतील."

"टाकतील."

सिब्दू उठली. मग तिने मला खिळ्यावरून काढलं, धुतलं आणि हंड्यात घातलं. अझेतानेही माझी मूठ धरली. दोघींनी मिळून घाटा घोटला.

"बस," सिब्दू म्हणाली. "खाऊन जा."

तो मान वर न करता जेवला.

मित्रांनो, राष्ट्रपतींना घालवायला एक आठवडाही लागला नाही. हमादो अजून सुटलेला नाही. दर रविवारी सिब्दू त्याचा डबा घेऊन तुरुंगाच्या फाटकाशी उभी राहते. कधी आत घेतात, कधी परत पाठवतात.

तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला कोरडं पडू देऊ नका, अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि कधी आपल्याच माणसावर काही उगारायची वेळ आली, तर त्याच्यासाठी दार उघडं ठेवा. तो आला, तर आधी जेवायला वाढा.