निळ्या फळावरचं धुकं

“हातमोजे घाला, टोपी घाला, नखं काढा... फळ तोडायलो का सोयरीक बघायलो?” महामाया शेजारच्या ओळीतून पुटपुटली.

“जावई हाय ते. गुमान तोड,” पारूबाई म्हणाली.

औशाजवळच्या या माळावर पारूबाईनं तीस वर्षं तूर काढली, सोयाबीन काढलं. मालकीण उज्वलाताईंनी तिथंच हिरव्या जाळीखाली कुंड्यांत ब्लूबेरी लावली, तेव्हा गाव पोट धरून हसलं. लातूरच्या बाजारात पहिली पेटी नेली, तर लोक विचारत, ही करवंदं एवढी महाग कशी हो? बाहेरदेशी मात्र याच फळाला मान होता. तोडलं की गार खोली, गार गाडीतून मुंबई, तिथून विमान, आणि पाचव्या दिवशी दुबईतलं एखादं लेकरू डबी उघडणार! डबी भरताना पारूबाई ते लेकरू डोळ्यांपुढे आणायची. तिनं स्वतः अजून समुद्र पाहिला नव्हता, आणि तिच्या हातचं फळ समुद्र ओलांडणार होतं.

पहिला नमुना चार दिवसांपूर्वी मुंबईला गेला होता. तो पास झाला, तर ताईंसकट गावात ब्लूबेरी लावणाऱ्या चौघांचा सगळा माल निर्यात करणारी कंपनी घेणार होती. बारा बायांना उन्हाळाभर तोडणीचं काम मिळणार होतं.

दुपारी कंपनीचे रविकांत सर आले. नमुन्यातली परत आलेली एक डबी त्यांनी टेबलावर ठेवली. फळं काचेच्या मण्यांसारखी चकाकत होती, पण अंगानं सुरकुतली होती.

“कुणीतरी पुसलीत ही,” सर म्हणाले. त्यांनी झाडावरचं एक फळ तोडून पारूबाईच्या तळहातावर ठेवलं. निळ्या सालीवर पहाटेच्या धुक्यासारखा पांढरट थर होता. “मावशी, ही धूळ न्हाई. झाडानं स्वतः चढवलेलं मेण हाय. त्यानं आतलं पाणी आत राहतंय, म्हणून फळ तिकडवर ताजं पोचतंय.”

पारूबाई बघतच राहिली. हरभऱ्याच्या घाट्याएवढं फळ, आणि त्याच्या प्रवासाची शिदोरी झाडानं आधीच बांधून दिलेली! विमानाचं कुणाच्या मनात यायच्याही आधी. आणि तिनं जुन्या लुगड्याच्या धुवट फडक्यानं, एकेक फळ हातात घेऊन, लेकराचं नाक पुसावं तसं हलक्या हातानं ती उतरवली होती. पाहुण्याच्या हातावर धुळीचं फळ ठेवायचं तरी कसं?

“पुसणारी कोण? तिला तोडणीवरून काढा, मग दुसरा नमुना नेतो,” सर ताईंना म्हणाले.

बारा माना खाली गेल्या. महामायेनं आधीच काढलेले मोजे पुन्हा चढवले. उज्वलाताईंनी पारूबाईकडे पाहिलं, मग कुंड्यांकडे. तीन वर्षं त्यांनी या कुंड्यांत घातली होती.

पारूबाईनं थराला बोट न लावता फळ टेबलावर उतरवलं.

“ताई,” ती म्हणाली, “पुसून भरा, असं तुम्हीच सांगितलं होतं. अन् नसतं सांगितलं तरी म्या पुसलंच असतं. आपल्या दोघींनाबी ठावं नव्हतं.”