पालखीच्या ॲम्प्लिफायरचे डायोड

शिमग्याच्या पालखीला लागणारा ॲम्प्लिफायर आपण घरीच बनवतो, असं सुजयने गावाला छाती फुगवून सांगितलं. गावाने विश्वास ठेवला, कारण गावात सोल्डरिंग एकट्या त्याला येत होतं.

सगळं जमलं, फक्त डायोड सोडून. वीज उलटी फिरू न देणारे हे चार पहारेकरी सहा अँपिअरचे, चांगले जाडजूड हवेत, हे त्याला माहीत होतं. रत्नागिरीहून त्याने ते आणलेही. पण त्यांचे पाय बोर्डाच्या भोकांत जाईनात. भोकं मोठी करायची तर ड्रिल खालच्या वाडीतून मागून आणायला हवं, आणि बाहेर ऊन होतं. डब्यात एक अँपिअरचे बारीक डायोड पडलेले. ते असे बसले, जणू तिथलेच रहिवासी. शिवाय ते हजार व्होल्ट सोसतात. ट्रान्सफॉर्मर तर चोवीसचा. हजारापुढे चोवीस म्हणजे काय, म्हणत त्याने झाकण लावलं. व्होल्ट वेगळे आणि अँपिअर वेगळे, हे डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. त्या दिवशी तो हजर होता.

पालखीच्या सकाळी मुंबईकरांसकट सगळा गाव देवळापुढे जमला. गावकार आप्पांनी माईक धरून गाऱ्हाणं सुरू केलं. पोराबाळांना सुखी ठेव, म्हणाले. गाव ‘होय महाराजा’ म्हणाला. भागोजीने माईकशेजारी ढोलावर काठी मारली, स्पीकर भोंऽऽ करून गुरगुरला, जळका वास सुटला आणि सगळं गप्प.

देव कोपला, यावर दुमत नव्हतं. प्रश्न एवढाच, की कोणावर. सगळ्यांनी भागोजीकडे पाहिलं, कारण शेवटचं तोच काहीतरी करत होता. घाबरून त्याने काल सुकट खाल्ल्याचं कबूल केलं. आप्पा म्हणाले, कौल लावू, देवालाच विचारू. उजवी कळी पडली तर चूक भागोजीची, आणि आजोबांपासून त्याच्या घरात असलेला ढोलाचा मान दुसऱ्याकडे जाणार.

देवाच्या अंगावर दोन ओल्या कळ्या चिकटवल्या. सुजयला वाटलं, देवाला खरं ठाऊक आहे, तो डावी पाडेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. उजवी पडली. देवानेच आपल्याला सांभाळून घेतलं, हे पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भागोजी गळ्यातला ढोलाचा पट्टा काढू लागला.

“आप्पा, डायोड जळले,” सुजय म्हणाला. “मीच बारीक लावले, ढोलाच्या दणक्याला लागते तेवढी वीज त्यांना पेलली नाही. जाडे घरी आहेत.”

“मग जाडे का नाय लावलेस?”

सुजयने बरंसं कारण शोधलं. सापडलं नाही.

“भोकात जाईनात.”

कोणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आप्पांनी भागोजीला ढोल परत अडकवायला सांगितलं. कौल सुकटीबद्दल असेल, म्हणाले, ते पुढच्या शिमग्याला बघू. मग त्यांनी गाऱ्हाणं बिनमाईकचं, पहिल्यापासून घातलं. घडलेलं सगळं देवाच्या कानावर घालावंच लागतं.

“ह्या लेकरान कंटाळा करून सहाच्या जागी एक अँपिअरचे डायोड लावलेन. चुकलंमाकलं पदरात घे रे महाराजा.”

“होय महाराजा,” गाव एकसुरात म्हणाला. भागोजीचा आवाज सगळ्यांत वर होता. न म्हणून चालत नाही, म्हणून सुजयनेही म्हटलं. पण जरा मागून म्हटलं, त्यामुळे ते त्याचं एकट्याचं ऐकू आलं.