चाळीस चिंचोके

मयुरी शाळेच्या बेसबॉल टीमची पिचर होती. म्हणजे चेंडू टाकणारी, आणि दोन वर्षं ती एकटीच. सातवीत खेळाच्या नागसेन सरांनी तिच्या हातात पहिल्यांदा चेंडू दिला, तेव्हापासून शाळेत चेंडू कोण टाकतं असं विचारलं की एकच नाव निघे. तिची आई नीलाबाई तर भाजी घेता घेता अनोळखी बायांनाही सांगे, "आमची मयुरी पिचर आहे ना बाप्पा!" पिचर म्हणजे नेमकं काय ते नीलाबाईला धड माहीत नव्हतं. पण मिरवायला माहिती कुठे लागते?

आणि जुलैत एटापल्लीकडची दिव्यानी नववीत आली, वरोऱ्याच्या हॉस्टेलवर राहायला लागली, आणि सगळं बिनसलं.

पहिल्या दिवशी ती नुसती बघायला उभी होती. चेंडू घरंगळत तिच्या पायाशी गेला. तिने उचलला आणि परत फेकला. बस, एवढंच. पण तो चेंडू असा सणसणत आला की झेलणाऱ्या रंजीताने घाबरून हात मागे घेतला. नागसेन सर चालत दिव्यानीजवळ गेले आणि म्हणाले, "हा हात कुठी कमावला वं पोरी?"

"मक्यावर पोपट येते सर," दिव्यानी म्हणाली. "लहानपणापासून मचाणावर बसून गोफण फिरवतो आम्ही."

सर हसले. मयुरीकडे बघून ते असे कधी हसले नव्हते, निदान तिला तरी तसं आठवेना. त्या क्षणी तिच्या पोटात जे काही जळायला लागलं ते मग विझलंच नाही.

आता नागसेन सरांची एक रीत सांगायला हवी. सरांचा उजवा हात कोपरातून पुरता सरळ होत नसे. पंधराव्या वर्षी कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की जितकं जास्त फेकशील तितका हात मजबूत होईल, आणि ते वेड्यासारखे रोज दोन-दोनशे चेंडू फेकत बसले. हात मजबूत झाला नाही, वाकडा झाला. म्हणून त्यांच्या मैदानावर चाळीसच्या वर चेंडू फेकायला बंदी होती. दोन कडुनिंबांच्या मधे गोणपाट ताणलेलं, त्यावर चुन्याने चौकोन काढलेला. एकीने फेकायचं आणि दुसरीने दोन डबे घेऊन बाजूला बसायचं. एका डब्यात सर स्वतः चाळीस चिंचोके मोजून टाकत. दर चेंडूला एक चिंचोका उचलून दुसऱ्या डब्यात. पहिला डबा रिकामा झाला की थांबायचं, मग तुम्ही कितीही रंगात असा. दुसऱ्या दिवशी चेंडूला हात लावायचा नाही. त्या दिवशी सायकलची जुनी ट्यूब झाडाला बांधून ओढायची, खांदे फिरवायचे, उठाबशा काढायच्या.

"जोर पायातून येते, कंबरेतून येते," सर म्हणत. "हात फक्त सांगकाम्या आहे. आन् एक ध्यानात ठेवा, थकला तर चालते. दुखला तर लगेच सांगा. हाडं वाढून राह्यली तुमची अजून."

मोजायची जोडी लागली मयुरीची आणि दिव्यानीची. लागणारच, पिचर त्या दोघीच.

बघा आता, जळणाऱ्या माणसाला जिच्यावर जळायचं तिच्याच बाजूला दर खेपेला बसवलं तर काय होणार? दिव्यानीचा प्रत्येक चेंडू गोणपाटावर धाडकन आपटे आणि मयुरी एक चिंचोका टाके. सर लांबून ओरडत, "शाब्बास दिव्यानी!" मयुरीचा नंबर आला की सर नेमके बॅट धरणाऱ्या पोरींना शिकवत असत. सरांनी दिव्यानीला बूट आणून दिले, कारण ती चपलेवर धावत होती. मयुरीच्या बुटातून दीड महिना अंगठा बाहेर डोकावत होता, तो काही सरांना दिसला नाही. आणि ती दिव्यानी! एवढं सगळं मिळूनही तिला त्याचं काही वाटत नसे. फेकायची, हसायची, वेणी मागे टाकायची. तिने थोडा तोरा मिरवला असता तर मयुरीला रीतसर भांडता तरी आलं असतं.

पोळा झाला. सरांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की दसऱ्यानंतर नागपूरला विभागाची निवड आहे आणि शाळेतून पिचर एकच जाणार. "कोण, ते मी नंतर सांगतो," म्हणाले. नंतर कशाला? मयुरीला तेव्हाच कळलं होतं.

त्या दिवशी घरी नीलाबाई चिंचा फोडत बसली होती. परातीत चिंचोक्यांचा ढीग पडला होता. मयुरीने त्यातले पाच उचलून खिशात घातले. का घातले हे तिने स्वतःला विचारलं नाही, कारण उत्तर तिला चांगलंच ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी पाच. दिव्यानी गोणपाटाकडे बघत असताना मयुरीने ते हळूच भरलेल्या डब्यात सोडले. पंचेचाळीस चेंडू झाले आणि कोणाच्याही लक्षात आलं नाही. फेकणं संपलं की जास्तीचे चिंचोके परत खिशात, म्हणजे सरांनी डबा मोजला तरी चाळीसच. पुढच्या खेपेला दहा. मग पंधरा. मग अठरा. तिला काही दिव्यानीचा हात मोडायचा नव्हता, असं ती स्वतःला सांगे. थोडा थकू दे. निवडीच्या वेळी थोडा ढिला पडू दे. बस, तेवढंच.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिव्यानी छप्पन्नावा चेंडू टाकायला गेली आणि चेंडू तिच्या हातातूनच गळून पडला. ती कोपराची आतली बाजू धरून खाली बसली. ओरडली नाही. नुसते ओठ चावत राहिली.

सर धावत आले, तोवर मयुरीने जास्तीचे अठरा चिंचोके परत खिशात सरकवले होते. "किती झाले?"

"सदतीस," मयुरी म्हणाली. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की कोपरात जिथे हाड अजून वाढतं तिथेच सूज आली आहे. वेळेवर थांबली म्हणून बरं, नाहीतर हात कायमचा अधू झाला असता. दोन महिने चेंडू बंद. दुसऱ्या दिवशी सरांनी मैदानावर सगळ्यांसमोर दिव्यानीला विचारलं, "सदतीस चेंडूत असं होत नाई. खरं सांग, हॉस्टेलच्या मागे चोरून फेकत होती का?"

दिव्यानीने मान खाली घातली. एकदा, फक्त एकदा, तिने मयुरीकडे बघितलं. "हो सर."

सरांचा चेहरा पडला. ते आपला वाकडा हात दुसऱ्या हाताने चोळत राहिले. "मी एवढं मोजून राह्यलो ते कोणासाठी? माहा नियम मोडणारी पोरगी मले टीममध्ये नको. हात बरा झाला तरी नको." आणि मग मयुरीकडे वळून, "नागपूरले तू जाशील."

खोटं कशाला बोला, मयुरीला आनंद झाला. घरी येईपर्यंत झाला. नीलाबाईने गल्लीभर सांगितलं, कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या, आणि म्हणाली, "त्या बिचारीले पण नेऊन दे दोन. हात दुखून राह्यला तिचा." दिव्यानी कोणासाठी खोटं बोलली आणि का, हा प्रश्न मयुरीला सकाळपासून टोचत होता. डबा घेऊन ती हॉस्टेलवर गेली.

दिव्यानी पायरीवर बसली होती, हात गळ्यात बांधलेला. मयुरीला बघून तिचा चेहरा फुलला.

"तू खोटं काऊन बोलली?" मयुरीने बसायच्या आधीच विचारलं. "तू कुठी फेकत होती हॉस्टेलच्या मागे?"

"मंग काय सांगू?" दिव्यानी हळू आवाजात म्हणाली. "तू जास्तीचे चिंचोके टाकत होती म्हणून सांगू? सरांनी तुले काढलं असतं ना."

मयुरी तिच्या बाजूला बसली. "तुले माहीत होतं?"

"दर खेपेला मोजत होती मी. मनातल्या मनात, आमच्या गोंडीत. पहिल्या दिवशी पाच जास्त." ती हसली. "सर चाळीसच देते आन् मले तर फेकतच राहावं वाटे. मी म्हटलं, या पोरीले समजलं. सरांची बोलणी खायची भीती सोडून आपल्यासाठी चोरून आणून राह्यली. इथी आल्यापासून माह्यासाठी एवढं कोणीच नाई केलं वं. हात तर चार दिवसांपासून दुखत होता, पण तू एवढ्या मनानं आणते, नाई कसं म्हणू?"

असं झालं होतं बघा. दिव्यानीने शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मयुरीने सहन केलं असतं. पण आपल्या जळफळाटाला दिव्यानी माया समजली, आणि त्या मायेपायी दुखता हात घेऊन फेकत राहिली, हे काही मयुरीला सहन होईना. सांबारवड्यांचा डबा पायरीवर ठेवून ती उठली आणि मागे न बघता निघाली.

सर घरी ओसरीवर पेपर वाचत होते. मयुरीने खिशातले अठरा चिंचोके काढून त्यांच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. पाच, दहा, पंधरा, अठरा. दिव्यानीने काय समज करून घेतला तेही. रडत रडत, नाक पुसत, पण एकही गोष्ट न वगळता.

सरांनी ते चिंचोके एकेक करून मोजले. ओरडतील असं तिला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मीही मोजायचं काम तुमच्यावर सोडून बसलो," ते शेवटी म्हणाले. "नागपूरले आपल्या शाळेची पिचर जाणार नाई. दिव्यानीले टीममध्ये परत घेतलं असं मी सांगतो. बाकीचं तिले तू सांग. ते काम माहं नाई."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मयुरीने दिव्यानीला खरं काय ते सांगितलं. ऐकता ऐकता तिचं हसू कुठे गेलं ते कळलंही नाही.

"म्हणजे तू माहा हात बिघडवून राह्यली होती," ती म्हणाली.

"हो."

"मंग मले सांगतलं काऊन?" तिचा आवाज फुटला. "मले इथी एक मैत्रीण आहे असं वाटत होतं. ते तरी राहू द्यायचं होतं."



डिसेंबरात डॉक्टरांनी परवानगी दिली. सुरुवातीला फक्त दहा चेंडू, तेही अर्ध्या जोराने. थंडीत सगळ्या पोरी ट्यूब ओढून अंग गरम करत होत्या. सरांनी डब्यात दहा चिंचोके टाकले आणि विचारलं, "मोजायला कोण बसेल?" रंजीता पुढे झाली.

"मयुरीले बसू दे," दिव्यानी म्हणाली.

मयुरी डबे घेऊन बसली. तिचे डोळे भरून आले. वाटलं, सुटले एकदाची. दिव्यानीने पाय रोवला, कंबर वळवली आणि चेंडू सोडला. मयुरीने चिंचोका उचलला.

"उंदी!" दिव्यानी मोठ्याने म्हणाली. आपल्या गोंडीत, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. एक. आणि चिंचोका डब्यात पडेपर्यंत ती मयुरीच्या हाताकडे बघत उभी राहिली. मगच तिने दुसरा चेंडू घेतला.

दहाही चेंडू तिने तसेच मोजले.